बारा आण्यांचा संघ

भाऊसाहेब मॅच बघायला यायचे नाहीत, पाहणीला यायचे. हा फरक त्यांनीच मला समजावून सांगितला, आणि तोही मी जामखेडच्या कॉलेजात कोच म्हणून रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात. बास्केटबॉलच्या मैदानाला बाहेरून एक पूर्ण फेरी मारून ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बघनारा टाळ्या वाजवतो, म्याडम. पाहणी करनारा शेंडा बघतो, बुडखा बघतो आन् गप घरी जातो."

नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, गावात त्यांचं नाव कुणी घेतच नसे. तलाठ्याला भाऊसाहेब म्हणायची आपल्याकडे रीत, आणि तलाठी निवृत्त झाला तरी भाऊसाहेब काही निवृत्त होत नाही. सगळी नोकरी याच तालुक्यात झालेली. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बगलेत छत्री. जामखेडला छत्री! इथे पाऊस येतो तो तोंड दाखवायला आल्यासारखा. विचारलं तर म्हणायचे, "उन्हाची हाय." उन्हात ती उघडलेली मी कधी पाहिली नाही.

बोलणं सगळं अस्सल जामखेडचं, पण मध्येच एखादा सरकारी शब्द आला की त्यांची जीभ तहसील कचेरीत जाऊन बसायची. 'सबब', 'उपरोक्त', 'दिसून येत नाही' हे शब्द ते भाजीवालीशी बोलतानाही वापरत. भाजीवाली बिचारी घाबरून चार मिरच्या जास्त टाकायची.

मी देवळाली प्रवऱ्याची. आमच्याकडे पाट वाहतो, ऊस उभा असतो, आणि पाणी हा विचार करण्याचा विषय नसतो. मी त्यांच्या माडीवरची खोली भाड्यानं घ्यायला गेले तेव्हा काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, अर्धा ग्लास पाणी आणून दिलं. मी मनात म्हटलं, काय माणसं आहेत. नंतर कळलं की इथे नळ आठवड्यानं येतो आणि पाहुण्याला अर्धाच ग्लास देतात. लागलं तर परत मागायचं, पण उष्टं ओतायचं नाही. भाऊसाहेब माझ्याकडे बघत म्हणाले, "तुमी बागायती. तुमाला आणेवारी कळायची न्हाई."

आणि मग त्यांनी मला आणेवारी शिकवली. मागितली नव्हती तरी शिकवली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आणेवारी म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. आठाच्या आत आली, म्हणजे आजच्या भाषेत पन्नास पैशांच्या आत, की टंचाई जाहीर होते. मग सारा माफ, पोरांची परीक्षा फी माफ, टँकर सुरू. आठाच्या वर गेली की काही नाही, बसा बोंबलत. त्यामुळे कोरडवाहू मुलखात कुणालाच आपल्या गावची आणेवारी जास्त नको असते. शेतात ज्वारी डोक्याएवढी उभी असली तरी लोक तलाठ्याचे हात धरतात, भाऊसाहेब, कमी लावा. आधी नजरेनं लावतात ती नजर आणेवारी, मग दिवाळीच्या सुमारास सुधारित, आणि शेवटी अंतिम. भाऊसाहेबांनी जन्मभर हेच केलं. निवृत्त झाल्यावर शिवार सुटलं, सवय सुटली नाही. घरापासून कॉलेजचं मैदान हाकेच्या अंतरावर होतं, म्हणून आणेवारी आमच्या मुलींच्या संघावर येऊन पडली.

तसं त्यांनी सोडलं कुणालाच नव्हतं. काकूंचं पिठलं दहा आणे, नगरचा जावई नऊ आणे, नवीन तहसीलदार साडेपाच. काकू एकदा माझ्यासमोर म्हणाल्या, "आन् मला किती लावली हुती ओ?" भाऊसाहेब बडीशेप चघळत म्हणाले, "तुझी अजून अंतिम जाहीर व्हायची हाय." काकू हसू दाबत आत गेल्या. चाळीस वर्षांचा संसार असला आणि तरी माणूस बायकोला हसवू शकत असला, तर त्याचे बाकीचे चाळे सोसायला हरकत नाही असं मला तेव्हा वाटलं होतं.

आता कोचच्या नोकरीचं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. माझी नेमणूक तासिका तत्त्वावर होती. दर वर्षी डिसेंबरात जिमखाना समितीची बैठक व्हायची आणि कोच ठेवायचा की बदलायचा ते त्यात ठरायचं. माझ्या आधी चार कोच येऊन गेले होते. चौघेही भाऊसाहेबांच्याच माडीवर राहिले आणि चौघांचं सामान भाऊसाहेबांनीच खाली उतरवायला हात लावला. मी खोली बघत होते तेव्हा त्यांनी मला पहिला सल्ला दिला तो हा, "रंग देऊ नका म्याडम भिताडाला. उगं जीव लागतो."

चौघे गेले ते एका चांगल्या वर्षापायी. कधीतरी पुण्याहून एका बँकेच्या साहेबाची बदली जामखेडला झाली. त्याची मुलगी सहा फुटाची, आणि पुण्यात लहानपणापासून खेळलेली. ती एक वर्ष कॉलेजात होती. त्या वर्षी संघानं जिल्ह्याची स्पर्धा जिंकली, कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागला, अध्यक्षांनी गुलाल खेळला. साहेबाची बदली झाली, मुलगी गेली, संघ परत आपल्या उंचीवर आला. गाव मात्र आलं नाही. संस्थेचे अध्यक्ष दर वर्षी विचारायचे, एकदा झालं ते परत का होत नाही? आणि उत्तर म्हणून कोच बदलायचे.

अध्यक्ष माणूस वाईट नव्हता हे मी मुद्दाम सांगते. मुलींचा संघ असावा, त्यांना बूट मिळावेत, नगरला जायला गाडी असावी, हे सगळं त्यानंच केलं. पण त्याला वाटायचं, आपण एवढं करतो तर कप आला पाहिजे. घातलं की उगवलं पाहिजे, असा हिशेब. भाऊसाहेब त्याला तोंडावर सांगायचे, "अध्यक्ष, एक साल अवकाळी चांगला बरसला म्हनून कुनी बागायतदार हुत न्हाई." अध्यक्ष हसून सोडून द्यायचा. हसून सोडून देणं आणि ऐकणं यात फरक असतो.

मी रुजू झाले त्याच वर्षी भाऊसाहेब निवृत्त झाले आणि गावचे प्रतिष्ठित म्हणून त्यांना जिमखाना समितीवर घेतलं. बास्केटबॉलमधलं त्यांना काय कळत होतं? खरं सांगायचं तर फार नाही. बास्केटला ते टोपलं म्हणायचे, फाऊलला अतिक्रमण. आणि फ्री थ्रो आला की मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे. एखादी पोरगी रेषेवर उभी राहून नेम धरतेय, सगळं मैदान श्वास रोखून बघतंय, आणि हा माणूस तिकडे एस.टी. स्टँडकडे तोंड करून छत्रीच्या टोकानं जमीन उकरतोय. मी विचारलं तर म्हणाले, "फुकटचं मला बघवत न्हाई." आधी मला ते तत्त्व वाटलं. पुढे ध्यानात आलं की तत्त्व वगैरे काही नाही, माणसाला धीर निघत नव्हता. चेंडू आत जाईल अशी आशा वाटायची आणि ती आशा त्यांना नको होती.

पहिल्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी त्यांनी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर नजर आणेवारी जाहीर केली. जाहीर म्हणजे खरोखर जाहीर, उभं राहून, बाकड्यावर बसलेल्या लोकांसमोर. "मौजे जामखेड, मुलींचा संघ. सहा आणे." लोक हसले. कुणीतरी ते मोबाईलवर टाकलं, अध्यक्षापर्यंत गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळी सहाला मी पोरींना पळवतेय, घसा फोडून ओरडतेय, आणि माझाच घरमालक माझ्या संघाला दुष्काळी ठरवून बसलाय. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. काकू जिन्यावर चहा ठेवून जायच्या.

जिल्ह्याच्या स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत हरलो आम्ही. डिसेंबरची बैठक आली. मी समोर खुर्चीवर, प्राचार्य एका बाजूला फाईल चाळत, मधे अध्यक्ष. अध्यक्षानं घसा साफ केला आणि नवीन कोचचा विषय काढणार, तेवढ्यात भाऊसाहेब उठले. "नजर आणेवारी सहा, सुधारित सहा, अंतिम सहा. सहा आण्याचं पीक सहा आण्याचंच उतरलं. सबब, कोचचा दोष दिसून येत नाही." आणि बसले. अध्यक्षानं पुढचा विषय घेतला. माझी नेमणूक पुढे चालू राहिली.

घरी येताना मी त्यांना विचारलं, खरंच सहा वाटली होती का तुम्हाला? ते चालत चालत म्हणाले, "आठ हुती."

"मग सहा का लावली?"

"आठाच्या आत बसली पायजे म्याडम. त्याच्याबिगर सूट मिळत न्हाई."

मला हसू आलं आणि रडूही आलं. इतकं साधं गणित होतं. अपेक्षा खाली ठेवली की माणसाला जगायला जागा राहते. पण ती खाली ठेवायला गावात कुणीतरी एक जण लागतो, ज्याचं ऐकतात. मला तो घराखालीच मिळाला होता. त्या रविवारी मी काकूंना विचारून खोलीला रंग दिला.

दुसऱ्या वर्षी मनीषा आली. खर्ड्याकडच्या एका वस्तीवरची, आईबाप दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. उंच होती, पण नुसत्या उंचीनं काही होत नाही. तिला चेंडू कुठे पडणार ते आधी कळायचं. इतर पोरी चेंडूकडे धावायच्या, ही चेंडूच्या आधी तिथं जाऊन उभी असायची. मी तिला विचारलं, कसं कळतं गं? तर म्हणाली, "म्हाईत न्हाई मॅडम. मोळी फेकत्यात ना ट्रकवर, तवा बगावं लागतं कुठं पडंल ते. न्हाईतर डोक्यात पडती."

मनीषा मध्ये उभी राहिली आणि बाकीच्या चौघी बदलल्याच. एका पोरीवर भरवसा ठेवता आला की बाकीच्यांचे हात मोकळे होतात. आम्ही श्रीगोंद्याच्या संघाला हरवलं. मग नगरच्या एका मोठ्या कॉलेजला हरवलं, ज्यांच्याकडे लाकडी कोर्ट आहे आणि ज्यांच्या पोरी आमच्याकडे बघून आधी हसल्या होत्या. नगर म्हणायची सवय आहे, आता अहिल्यानगर म्हणायचं, पण ज्या पोरी हसल्या त्या नगरच्याच.

त्या मॅचला भाऊसाहेब आमच्या गाडीतून आले होते. शेवटची काही सेकंदं राहिली होती, आम्ही एकानं मागं, आणि मनीषाला दोन फ्री थ्रो मिळाले. मी सवयीनं भाऊसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी पाठ केली नव्हती. छत्री दोन्ही हातांनी छातीशी धरून ते सरळ टोपल्याकडे बघत होते. पहिला गेला. दुसराही गेला. मैदानात दंगा झाला, पोरी एकमेकींवर पडल्या, आणि पाहणीला आलेला हा माणूस टाळ्या वाजवत होता. छत्री खाली पडली होती, तिच्यावर पाय देऊन उभा होता. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण त्याच वेळी भीतीही वाटली, हेही खरं.

उपांत्य सामना दिवाळीच्या आत होणार होता. त्याआधी ऑक्टोबरच्या शेवटी भाऊसाहेब टपरीवर गेले. मी त्या दिवशी मुद्दाम बरोबर गेले, त्यांना आवरायला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, उभे राहिले आणि म्हणाले, "मौजे जामखेड. मुलींचा संघ. सुधारित आणेवारी बारा आणे."

टपरीवर कुणी हसलं नाही. जो माणूस नळाला वेळेवर पाणी येईल असंसुद्धा कधी बोलला नव्हता, तो बारा आणे म्हणत होता. संध्याकाळपर्यंत निम्म्या गावाच्या मोबाईलवर ते स्टेटसला होतं. अध्यक्षानं मला फोन करून सांगितलं, "मॅडम, फ्लेक्सचं बघायला सांगतो. भाऊसाहेबांनी लावलीय म्हणजे कप आपलाच."

मी घरी येऊन त्यांच्यावर चिडले. "भाऊसाहेब, कमी करा. दहा करा, आठ करा, काहीतरी करा."

"जाहीर झाली."

"अहो, मागच्या साली आठाची सहा केलीत. मला काय सोन्याचं सिंहासन नको, मला पुढच्या वर्षी इथे राहायचंय."

ते म्हणाले, "मागल्या साली कमी लावली तवा काय वाटलं न्हाई. यंदा जीभ रेटत न्हाई म्याडम." काकू आतून म्हणाल्या, "जीभ रेटत न्हाई म्हनं. जन्मभर रेटली ती आत्ताच बरी आडली."

आणि मग परतीचा पाऊस आला. आलाच शेवटी, नको त्या वेळी. नगरचं मैदान भरलं, उपांत्य सामना दिवाळीनंतर ढकलला. दिवाळीच्या आधी मनीषाची आई विहिरीच्या कडेवरून घसरली आणि तिचा पाय मोडला. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी लागते, एक जण तोडतो आणि एक जण मोळी बांधतो. मनीषाच्या बापाला जोडीदार राहिला नाही.

मी वस्तीवर गेले. भाऊसाहेब म्हणाले, मीबी येतो. ट्रॅक्टरची ट्रॉली भरलेली होती, भांडी, गोधड्या, पिठाचे डबे, एक शेळी. मनीषा शाळेतल्या गणवेशाचा जुना शर्ट साडीवर घालून उभी होती. मी काय बोलणार होते? मॅच आहे, थांब? तिनंच विषय काढला. "मॅडम, बा एकटा कसा तोडील? मोळी कोन बांधील?" मी म्हटलं, हो गं, बरोबर आहे तुझं. भाऊसाहेबांनी विचारलं, कधी येशील परत? ती म्हणाली, "कारखान्याचा पट्टा पडला की." म्हणजे हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी. ट्रॉली निघाली तेव्हा ती आमच्याकडे बघत नव्हती, आईचा पाय कशावर टेकवावा ते बघत होती.

परत येताना मी एकदा शेवटचं म्हटलं, आता तरी कमी करा, आता तर कारण आहे. भाऊसाहेब म्हणाले, "आणेवारी उभ्या पिकाची लावत्यात. मागनं गारपीट झाली तर तिचा पंचनामा अलग. तो मी करीन. पीक कमी हुतं असं कसं लिहू?" त्या वेळी मला ते बरं वाटलं. म्हटलं, चला, माणसानं उपाय काढून ठेवलाय.

उपांत्य सामन्यात आम्ही फार वाईट हरलो. मनीषाच्या जागी जी पोरगी उभी केली तिनं जिवाचं रान केलं, पण चेंडू तिच्या डोक्यावरून जात राहिले. गेटवर फ्लेक्ससाठी बांबू उभे करून ठेवले होते, ते तसेच होते.

डिसेंबरची बैठक. तीच खोली, तीच खुर्ची, प्राचार्यांची तीच फाईल. अध्यक्ष त्या दिवशी थकलेला दिसत होता. मला वाटतं, त्यालाही सारखे कोच बदलायचा कंटाळा आला असावा. त्यानं मला काही विचारलंच नाही. भाऊसाहेबांकडे वळून म्हणाला, "बोला."

भाऊसाहेब उठले. त्यांनी मनीषाच्या आईचा पाय सांगितला, कोयत्याची जोडी सांगितली, परतीचा पाऊस सांगितला. सगळं क्रमानं, पंचनाम्यासारखं. शेवटी म्हणाले, "सबब, नैसर्गिक आपत्ती."

अध्यक्ष म्हणाला, "एक पोरगी गेली म्हणून बारा आण्याचा संघ आडवा होतो? मग दुसरी तयार ठेवायची नव्हती का? हे कोचचं काम नाही का?" मग तो जरा मऊ झाला. खुर्चीत पुढे सरकला, आवाज उतरवला. मला आजही खात्री आहे की त्याला मला काढायचं नव्हतं, त्याला फक्त गावाला सांगायला काहीतरी हवं होतं. म्हणाला, "भाऊसाहेब, एकच सांगा. तुमचीच आणेवारी जरा जास्त लागली का? माणूस आहे, होतं. तसं असंल तर विषय मिटला. पोरी होत्या तेवढ्याच होत्या, खेळल्या तेवढ्या खेळल्या. मॅडम राहतील पुढं."

एवढा सोपा प्रश्न मी आयुष्यात ऐकला नाही. दार उघडून धरलं होतं त्यानं. भाऊसाहेबांनी नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. आठ होती ती सहा लावणाऱ्या माणसाला, अख्ख्या तालुक्याची ज्वारी कागदावर बुटकी करणाऱ्या माणसाला, एक 'व्हय' जड नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, आता म्हणतील.

"न्हाई," भाऊसाहेब म्हणाले. "बाराच हुती. बारीक बघितलं तर तेरा निघंल."

अध्यक्षानं डोळे मिटले. प्राचार्यांनी फाईल बंद केली. विषय खरंच मिटला.

त्या संध्याकाळी मी खाली गेलेच नाही. तेच वर आले, जिना चढताना धापा टाकत. त्यांच्या मागोमाग काकू. काकू मला काही बोलायच्या आधी नवऱ्यालाच म्हणाल्या, "तुमच्या एका शब्दावर पोरीची भाकरी हुती. कुनासाठी राखला तो?" भाऊसाहेब दारातच उभे राहिले. आत या म्हणायला मला तोंड नव्हतं, आणि खरं म्हणजे मला ते आत नकोच होते.

"एक शब्द खोटं बोलला असता तर काय गेलं असतं तुमचं?" मी विचारलं.

"काय न्हाई गेलं असतं." ते रडत होते, आणि पुसतही नव्हते. "म्याडम, सारं आयुष्य दुसऱ्याचं भलं व्हावं म्हनून हाय त्याच्यापेक्षा कमी लिहिलं. चांगलं पीक आलं तरी चांगलं म्हनायची सोय न्हवती. ह्या तालुक्यात चांगलं म्हनलं की मानसाचं नुकसान हुतं. तुमच्या पोरींना बघितलं आन् एकदा तरी खरं म्हनावं वाटलं. त्या पोरीला बी कमी लिहू? ती तिकडं ऊस बांधतीय, आन् मी हितं बसून म्हनू का ती तेवढी न्हवतीच?"

काकू माझ्या पलंगावर बसल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. भाऊसाहेब दारात उभेच राहिले.

आता मी नगरला एका इंग्रजी शाळेत सकाळी कवायत घेते. इथे कुणी हरत नाही, कुणी जिंकत नाही, आणि कोच बदलायचं कुणाच्या मनात येत नाही. राग गेला का म्हणाल तर नाही गेला. त्या गावात मला अजून पाचेक वर्षं सहज काढता आली असती. काकूंशी कधी फोन होतो, त्या फोन भाऊसाहेबांकडे देतात, आणि आम्ही दोघं पावसाबद्दल बोलतो. त्यांच्या नंतर मला पुष्कळ साहेब भेटले, कुणी ठीक म्हणालं, कुणी बरी आहे म्हणालं, त्या जोरावर नोकऱ्या टिकल्या. माझं काम जेवढं होतं तेवढंच, एक दाणाही कमी न करता सांगणारा माणूस मला एकच भेटला, आणि तो मला परवडला नाही.